उसातला बिबट्या : संशोधन काय सांगते?



तोडणी सुरू झाली की फडात बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात. मग पुण्याला, बिबवेवाडीला राहणारे आपले पाहुणे म्हणतात, "पिंजरे लावा, धरा आणि लांब जंगलात सोडून द्या, झालं!" सूचना सोपी आहे, पण हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे.

जुन्नर वनविभागात फेब्रुवारी २००१ पासून शिवारातले बिबटे धरून दुसरीकडे सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ पर्यंत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये ते १७ झाले. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. परक्या मुलुखात सोडलेले जनावर बिथरते, शिवाय सोडल्या जागी थांबतही नाही. २००९ साली गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला एक बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला.

मग तो शिवारात टिकतो कशावर? अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात कुत्री ३९ टक्के, शेळ्या अवघ्या ११ टक्के निघाल्या. आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट आहेत! कारण उघड आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रे मोकळे असते.

यावरून आपण करायचे ते असे :

१) शेळ्या-करडे, वासरे रात्री छप्पर व दार असलेल्या बंदिस्त गोठ्यातच कोंडावीत.

२) मेलेली जनावरे, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

३) तोडणी मजुरांच्या कोप्या उसाला लागून नकोत. तिथे उजेडाची सोय सभासदाने करावी. लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नये, हे मुकादमाला बजावून सांगावे.

४) फडात पिले सापडली तर तोड थांबवा, हात लावू नका, वनविभागाला १९२६ वर कळवा. पिले त्याच जागी राहिली तर मादी बहुधा रात्री येऊन नेते. पिले हलवली तर तीच मादी माणसांवर चवताळते.

माणसावर हल्ला करणारे जनावर धरावेच लागते; ते काम वनविभागाचे. ज्या घरातले माणूस गेले त्याचा संताप आम्ही जाणतो. पण दिसेल तो बिबट्या हलवा म्हटल्याने धोका वाढतो, हे जुन्नरच्या आकड्यांनी दाखवले आहे. गोठ्याचे दार मात्र आपल्या हातात आहे. या हंगामाआधी ते एकदा तपासून घ्या.