बंदिस्त अश्वारोहण-रिंगणात दिवसाचा उजेड

अश्वारोहणाचे शिक्षण उघड्या मैदानावर द्यावे, ही जुनी रीत आहे. परंतु जेथे हिवाळ्यात बर्फ पडते किंवा पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, तेथे हे शिक्षण अखंड चालू ठेवावयाचे तर डोक्यावर छप्पर हवे. छपरामुळे ऊन-पाऊस टळतो, पण त्याबरोबर उजेडही बाहेर राहतो. हा उजेड आत कसा आणावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यात विजेची बचत आहेच. परंतु स्वाराच्या व घोड्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

घोड्याची दृष्टी

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांस असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. अंधुक प्रकाशातही त्याला माणसापेक्षा बरे दिसते. मात्र उन्हातून सावलीत किंवा सावलीतून उन्हात येताना त्याच्या डोळ्यांस जुळवून घेण्यास अधिक वेळ लागतो. जमिनीवरचा उन्हाचा कवडसा अथवा छपराच्या कैचीची गडद सावली त्याला खड्ड्यासारखी वा अडथळ्यासारखी भासू शकते. मग तो बुजतो, थबकतो किंवा एकाएकी बाजूस उडी घेतो, आणि नवशिक्या स्वाराची बैठक सुटते. म्हणूनच उजेड किती आहे यापेक्षा तो किती समप्रमाणात पसरला आहे, याला रिंगणात अधिक महत्त्व आहे.

व्हिएन्ना येथील अश्वशाळा

ऑस्ट्रियाच्या राजधानीतील ‘स्पॅनिश रायडिंग स्कूल’चे हिवाळी सभागृह या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. सम्राट सहावा चार्ल्स याच्या आज्ञेने वास्तुविशारद योसेफ इमान्युएल फिशर फॉन एर्लाख याने ते १७२९ ते १७३५ या काळात उभारले. सभागृह सुमारे ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद व १७ मीटर उंच असून त्यातील सज्जा ४६ स्तंभांवर उभा आहे. विजेचे दिवे नव्हते त्या काळी दिवसाच्या सरावासाठी भिस्त खिडक्यांवरच होती. तेथे उंचावरील मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड पांढऱ्या भिंतींवर व छतावर परावर्तित होऊन खाली उतरतो. उंच खिडक्या आणि फिकट रंग यांची ही जोडी आजही तितकीच उपयुक्त आहे.

आपल्याकडील सूर्य

तथापि व्हिएन्नाचा नमुना येथे जसाच्या तसा उचलता येणार नाही. तेथे डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो. पुण्यास त्याच दिवसांत तो सुमारे ४८ अंश वर असतो. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैअखेरीस तर तो पुण्याच्या थेट माथ्यावर येतो, व मधल्या काळात दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. सबब आपल्याकडे छपरातून उजेडाबरोबर उष्णताही उतरते. यासाठी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. पूर्व व पश्चिम भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन थेट स्वाराच्या डोळ्यांवर येते.

२. उत्तर व दक्षिण बाजूंस वळचणीखाली उजेडाचा सलग पट्टा ठेवावा आणि त्यावर पुरेसा रुंद छज्जा घ्यावा.

३. छपरात प्रकाशपारक पत्रे बसवावयाचे झाल्यास ते दुधी असावेत. पारदर्शक पत्र्यातून कवडसा पडतो. दुधी पत्रा उजेड पसरवितो. सुटे पत्रे जागोजागी विखरून लावल्यास खाली उजेडाचे ठिगळ दिसते, म्हणून ते सलग ओळीत लावावेत.

४. प्रवेशद्वारापुढे पडवी असावी. बाहेरच्या उन्हातून आत येताना घोड्याच्या डोळ्यांस तेथे क्षणभर उसंत मिळते.

५. रिंगणातील वाळूची धूळ तावदानांवर बसते. ती वेळोवेळी, विशेषतः पावसाळ्यापूर्वी व नंतर, धुण्याची सोय आराखड्यातच करावी.

हिशेब

भारतीय मानकांत दिवसाच्या उजेडाचा हिशेब करताना आकाशाचा बाहेरील प्रकाश ८,००० लक्स धरतात. त्याच्या अडीच टक्के उजेड आत पोहोचला तर २०० लक्स मिळतात. स्पर्धेच्या ड्रेसाज रिंगणाचे माप २० × ६० मीटर, म्हणजे १,२०० चौरस मीटर आहे. तेवढ्या छपराचा आठ टक्के भाग प्रकाशपारक ठेवावयाचा तर ९६ चौरस मीटर पत्रे लागतील. हा भाग बेसुमार वाढविल्यास उजेडापेक्षा उकाडाच अधिक वाढतो. उजेडाची मोजणी केवळ मध्यभागी न करता कोपऱ्यांतही करावी. कारण वळणे तेथेच घ्यावी लागतात.

व्यापक उपयोग

अश्वारोहणाची बंदिस्त रिंगणे गावोगावी होणार नाहीत, हे उघड आहे. परंतु व्यायामशाळा, समाजमंदिर व शाळेचे सभागृह यांना हेच नियम लागू पडतात. फळ्यावर चकाकी आली की मागच्या बाकावरील मुलाला अक्षर दिसत नाही. कवडशात आलेला चेंडू खेळाडूला दिसत नाही. घोडा निदान बुजून आपली अडचण दाखवितो. मूल मात्र डोळे बारीक करून गप्प बसते. म्हणून नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीसाठी पुढे येईल तेव्हा खोल्यांची संख्या व खर्च यांबरोबरच उत्तर दिशा कोणती आणि ऊन कोठून येणार, हे दोन प्रश्न पंचायत सदस्यांनी व मुख्याध्यापकांनी अवश्य विचारावेत. भिंती उभ्या राहण्यापूर्वी खिडकीची जागा बदलण्यास फारसे काही लागत नाही. नंतर मात्र तिची किंमत वर्षानुवर्षे मोजावी लागते.