असामान्यत्वाचा पुरावा

साखर कारखान्यांतील बाष्पीभवन-यंत्रणेवर उमेदीची वर्षे वेचलेल्या, पुण्याजवळील मांजरीच्या एका अभियंत्यास लुइझियानातील ऊस-कारखानदारीत काम करण्याची इच्छा झाली, तर त्याच्यासाठी अमेरिकेच्या १९९० सालच्या स्थलांतर कायद्याने ‘असामान्य गुणवत्ते’चा एक मार्ग खुला ठेवला आहे. त्या मार्गाने मी गेलो. तेथे नोकरी देणाऱ्या मालकाची आवश्यकता नसते, अर्जदार स्वतःच स्वतःसाठी अर्ज करू शकतो. परंतु त्या सवलतीबरोबरच अर्जातील अक्षर न् अक्षर सत्य असल्याची हमीही त्यालाच स्वतःच्या सहीने द्यावी लागते, आणि मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः या सहीविषयी.

नोबेलसारखे जगन्मान्य पारितोषिक गाठीशी नसेल, तर कायद्याखालील नियमांनी दहा निकष घालून दिले आहेत व त्यांपैकी किमान तीन पुराव्यानिशी सिद्ध करावे लागतात. पारितोषिके, निवडक सभासदत्व, इतरांच्या कार्याचे परीक्षण, शास्त्रीय लेख, विषयाला वळण देणारे मौलिक कार्य, नामांकित संस्थेतील महत्त्वाची भूमिका, उच्च वेतन हे त्यांतले अभियंत्याच्या उपयोगाचे. तीन निकष पुरे झाले की काम फत्ते, असा समज सर्वत्र आढळतो. पण २०१० सालच्या कझारियन खटल्यातील निकालानंतर अधिकारी दोन टप्प्यांनी विचार करतात, आणि निकषांची मोजदाद झाल्यावर, हा मनुष्य आपल्या क्षेत्राच्या अग्रभागी असलेल्या मोजक्यांपैकी आहे काय, हे समग्र पुराव्यावरून ठरवितात.

या दुसऱ्या टप्प्याचा विचार न करता निकषांची दुकानदारी करणारे पुष्कळ आहेत. मी ज्या सल्लागारांकडे प्रथम गेलो, त्यांनी फी घेतल्यावर माझ्यापुढे एक दरपत्रकच ठेवले: अमुक रकमेत आंतरराष्ट्रीय म्हणविणारे पारितोषिक, तमुक रकमेत परीक्षकपद, आणि वर्गणी भरताच मिळणारे ‘सन्माननीय’ सभासदत्व. शिफारसपत्रांचे मसुदे आले तेव्हा पाच निरनिराळ्या शास्त्रज्ञांच्या नावे लिहिलेल्या पत्रांत माझी स्तुती करणारा एकच परिच्छेद, स्वल्पविरामासकट, जसाच्या तसा उतरलेला मी पाहिला, आणि त्याच दिवशी कागदपत्रे परत मागितली. फी मात्र परत मिळाली नाही. तिचे दुःख नाही. संताप येतो तो याचा, की महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटे निवेदन केल्याचे ठरल्यास अमेरिकेचे दार अर्जदाराला कायमचे बंद होऊ शकते, आणि मसुदा करणारा मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

खरा पुरावा फार निराळ्या ठिकाणी सापडला. माझे काम एवढेच, की जुन्या कारखान्यांत नवी पात्रे न बसविता बाष्पीभवन-यंत्रणेच्या मधल्या पात्रांतील, म्हणजे ‘बॉडीं’तील, वाफ रस तापविण्याकडे व साखर शिजविण्याच्या पॅनकडे वळवावी. त्यामुळे बॉयलरवरचा भार हलका होतो, बगॅस वाचते आणि ती सहवीजनिर्मितीस उपयोगी पडते. आमच्या मांजरीतच, १९७५ साली स्थापन झालेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये, राज्यभरचे कारखान्यांतील तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी येतात; त्यांच्यापैकी ज्यांनी माझी रचना माझ्या अपरोक्ष अमलात आणली होती, त्यांना मी गाठले. एका कारखान्याने गाळप हंगामाची नोंदवही काढून दिली: पाकाने चिकटलेली पाने, दर तासाचा एक्झॉस्टचा दाब, शेवटच्या बॉडीतील व्हॅक्यूम, सिरपचा ब्रिक्स आणि पाळी संपताना शिफ्ट केमिस्टने केलेली सही. बदलापूर्वीची व नंतरची पाने शेजारी ठेवली की जे दिसते, ते कोणत्याही प्रशस्तिपत्राला सांगता येणार नाही. मराठी नोंदींचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर करून, आपण दोन्ही भाषा जाणतो व भाषांतर अचूक आहे, असा भाषांतरकाराचा दाखला सोबत जोडावा. तो नसल्यास इतका मोलाचा दस्तऐवज विचारातच घेतला जात नाही.

तरीही अधिक पुरावा मागणारी नोटीस आली. तिने घाबरून जाऊ नये. आक्षेप कोणत्या निकषावर आहे ते शांतपणे वाचावे आणि तेवढ्याचाच खुलासा करावा, परंतु संपूर्ण खुलासा एकाच वेळी मुदतीत रुजू करावा, कारण अर्धे उत्तर देऊन उरलेले मागाहून पाठविण्याची सोय नाही. माझ्याशी ओळख नसलेल्या अभियंत्यांची, प्रत्येकाने आपल्या कारखान्यात काय घडले ते आपल्या शब्दांत लिहिलेली पत्रे मी जोडली. अर्ज मंजूर झाला.

मंजुरी म्हणजे व्हिसा नव्हे. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे वार्षिक व्हिसांच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्यामुळे भारतीयांची रांग या श्रेणीतही लागते, आणि पूर्वी दुसऱ्या श्रेणीतला अर्ज मंजूर झालेला असेल, तर रांगेतील जागा ठरविणारी त्याची जुनी अग्रक्रम-तारीख नव्या अर्जास लावून मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांची मुले एकविसाव्या वर्षाच्या, म्हणजे आई-वडिलांच्या अर्जावर व्हिसा मिळण्याच्या वयोमर्यादेच्या, जवळ आली आहेत, त्यांनी आणखी एक हिशेब आधी करावा. व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशीच्या मुलाच्या वयातून, अर्ज निर्णयाविना पडून राहिला तितके दिवस वजा होतात. जादा फी भरून निकाल लवकर मिळविला की ही वजावटही तितकीच घटते. म्हणून रांग लांब असताना ती जादा फी भरावी किंवा नाही, हे मुलाचा जन्मदाखला समोर ठेवून, जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने, अर्ज पाठविण्यापूर्वीच ठरवावे.