अभंगाचा नुसता क्रमांक पुरतो का?

प्रश्न : प्रबंधात तुकोबांचे अभंग उद्धृत करताना ‘तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक’ एवढी तळटीप चालेल का?

उत्तर : नाही. ‘तुकाराम गाथा’ नावाचा एकच ग्रंथ नाही, हे त्याचे कारण. मुंबई सरकारच्या साह्याने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३मध्ये दोन खंडांत निघालेली गाथा वेगळी, विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा वेगळी, देहूच्या परंपरेतली वेगळी. अभंगांची संख्या, क्रम आणि कित्येक ठिकाणी पाठही बदलतो. तुम्ही दिलेला क्रमांक वाचकाने दुसऱ्या प्रतीत काढला, तर समोर भलताच अभंग येतो आणि तुमचा पुरावा तिथेच निकामी होतो. म्हणून संपादक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि क्रमांक हे सगळे पहिल्या टिपेत द्या; पुढे संक्षेप पुरेल. पानाचा आकडाही जोडा, पण केवळ त्यावर विसंबू नका, पुनर्मुद्रणात पाने हलतात.

यावर कोणी म्हणेल, अभंग सर्वांच्या तोंडी असताना एवढा खटाटोप कशाला? कीर्तनात तो खरोखरच नको. प्रबंधात मात्र तुम्ही एखाद्या शब्दावरून अर्थ काढता, आणि तोच शब्द पाठभेदाचा असू शकतो. दुसरा आक्षेप शैलीचा : एमएलए की शिकागो? विद्यापीठ सांगेल ती घ्या आणि शेवटपर्यंत तीच पाळा. स्वल्पविरामाच्या जागेपेक्षा प्रतीची ओळख कितीतरी महत्त्वाची आहे. अभंग संकेतस्थळावरून उचलला असेल, तर छापील प्रतीशी ताडल्याशिवाय तिचे नाव टिपेत घालू नका.