खिशातल्या पुड्या

चि. निखिल,


काल वहिनीचा फोन आला. गणपतीत घालून आलेला तुझा निळा शर्ट तिनं धुवायला काढला, तर खिशात सुगंधी सुपारीच्या दोन रिकाम्या पुड्या. तुझ्या बाबांना तिनं अजून कळू दिलेलं नाही, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मला सांगता सांगता रडली. आरतीनंतर तू तोंडापुढं हात धरून बोलत होतास, तेव्हा मला वाटलं, सर्दी झाली असेल. आता उलगडा होतोय. तोंडाला वास येतो या धास्तीनं पुडी फोडतोस, असंच ना?

तसं असेल तर आधी त्या पुडीचंच बोलते. सिव्हिलच्या दातांच्या ओपीडीत माझी निम्मी नोकरी गेली. विशीतली पोरं यायची, डॉक्टर ‘आ कर’ म्हणायचे आणि तोंडात तीन बोटं उभी जायची नाहीत. साधी आमटी झोंबायची त्यांना. जो तो म्हणायचा, ‘सिस्टर, तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो.’ अरे, नुसत्या सुपारीनंच गाल आतून ताठ होतात, आणि एकदा ताठलेला गाल सहसा पहिल्यासारखा होत नाही. सुपारीनं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच सांगितलंय. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय काय मिळतं ते तुला मी सांगायला नको. शिकलासवरलेला मुलगा तू, पुडीवरचा इशारा वाचता येत नाही तुला?

आणि वास तरी जातो का तिनं? घटकाभर दबतो, इतकंच. लोक पोटाला दोष देतात, पण बहुतेक वेळा वास तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या भागावर आणि दातांच्या फटीत अन्न अडकतं, जंतू ते कुजवतात, त्यातून गंधकाचे वायू सुटतात. लाळ हे सगळं धुऊन काढत असते. तोंड कोरडं पडलं की वास वाढतो. आता तुझा दिवस बघ. डोंबिवलीची लोकल गाठायची म्हणून चहावर निघतोस, ऑफिसात पुन्हा चहा, दुपारी दोनला डबा. गाडीत अडचण होते म्हणून पाणीही पीत नाहीस. तोंड कोरडं पडेल नाहीतर काय?

तेव्हा सकाळी काहीतरी खाऊन नीघ, शिळी पोळी आणि दूध का असेना. ऑफिसात बाटली जवळ ठेव, चहानंतर चूळ भर. रात्रीचा ब्रश मात्र कधीच चुकवू नकोस. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळं जंतूंना रात्रभर रान मोकळं मिळतं. दोन मिनिटं घास, मग टंग क्लीनर मागून पुढं हलक्या हातानं फिरव, खसाखसा नाही. फटींतून फ्लॉसचा धागा काढ. काढलेला धागा हुंगलास की वास कुठून येतो ते तुझं तुलाच कळेल. हिरड्यांतून रक्त आलं तर ब्रश थांबवू नकोस, दाखवून ये. दात साफ केल्यानं ते हलायला लागतात, हा आपल्या घरातला समज खोटा आहे; हिरड्या खराब होतात त्या साठलेल्या कीटणामुळं.

तुझ्या आजीचे दात असेच गेले. तिची मशेरी मी भाजायचे. खापरावर तंबाखू काळी होईपर्यंत परतायची, धुरानं घशात खवखवायचं, मग पाट्यावर वाटून डबीत भरायची. तिला वाटायचं, यानं दात घट्ट राहतात. नर्सिंगला गेल्यावर मला खरं काय ते कळलं, पण आईला शिकवायचं कसं म्हणून मी गप्प बसले. पुढं ती हसतानासुद्धा तोंडाला पदर लावायची. तुझा तो हात पाहिल्यापासून आई डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून तुझ्याशी गप्प बसणार नाही.

रागावले, मनाला लावून घेऊ नकोस. ऑफिसात कुणी लागेलसं बोललं का रे? आपला वास आपल्याला नीट कळत नाही, आणि कित्येकांना वास नसतानाही भीती बसते. तू कुणाच्या तरी बोलण्यावरून पुडी उघडायला लागलास, आणि मुळात वास नव्हताच, असंही निघेल. ते डॉक्टरांनाच ठरवू दे. सीएसएमटीला उतरलास की सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं जा. पुडीचंही खरं सांग, लपवू नकोस. दात, हिरड्या ठीक निघाल्या तर टॉन्सिल, सायनस आणि साखर तपासून घे.

पुडी एका दिवसात सुटेल असं मी म्हणत नाही. तलफ आली तर बडीशेप चघळ, पाणी पी, नाहीतर मला फोन कर. रात्री अकरालाही उचलेन. बाबांना मी काही बोलणार नाही, पण आईला तू स्वतः सांग, ती जेवत नाहीये. दिवाळीला लवकर ये बाळा, आणि माझ्याशी बोलताना तोंडापुढं हात धरू नकोस. मी तुझी आत्या आहे.

तुझी,
आत्या