पुरानंतरचा ताप आणि मूत्रपिंडे

सावित्रीच्या खाडीला भरती असावी आणि त्याच सुमारास वर महाबळेश्वर-पोलादपूरच्या डोंगरांवर पावसाने ठाण मांडावे, म्हणजे आमच्या महाड तालुक्यातील सखल गावांत पाणी चढते, हे येथील लहान पोरासही ठाऊक आहे. परंतु पाणी ओसरल्यावर ओटीवर, गोठ्यात आणि परसात जो चिखल उरतो, त्यातून उद्भवणाऱ्या तापाचा खरा घाव पुष्कळदा माणसाच्या मूत्रपिंडांवर पडतो, ही गोष्ट मात्र अजूनही फार थोड्यांच्या ध्यानात आहे, आणि त्या घावातून निभावलेला एक मनुष्य या नात्याने ती सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

जुलै २००५च्या अखेरच्या आठवड्यात दासगाव, जुई आणि आसपासच्या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा मी सरकारी नोकरीत कारकून होतो आणि दासगाव तर माझे स्वतःचेच गाव. नुकसानीचे पंचनामे करावयाचे म्हणून तलाठी, कोतवाल आणि गावचे चार पंच यांच्यासमवेत आम्ही घरोघर हिंडत होतो. पिंढरीभर चिखल, त्यात पत्र्यांच्या कडा, फुटकी कौले आणि बाभळीचे काटे. पायांना ओरखडे न पडतील तरच नवल, आणि ज्या घरांतून माणसे गेली होती तेथे आपल्या पायांकडे पाहण्याचे भान कोणाला राहणार? भाताच्या कणगीत मरून फुगलेले उंदीर आम्ही फावड्याने बाहेर काढीत होतो, ते दृश्य मला आजही स्पष्ट दिसते.

पुढे पंधरवडा उलटण्याच्या आत मला हुडहुडी भरून ताप आला. पावसाळ्यातला ताप आमच्याकडे नवलाईचा नव्हे. परंतु या तापाची दोन लक्षणे मला निराळी वाटली, आणि ती वाचकांनी मनात पक्की नोंदवून ठेवावीत. एक म्हणजे पोटऱ्या अशा ठणकत होत्या की, नुसते बोट लावले तरी कळ मस्तकात जावी. आणि दुसरे म्हणजे डोळे लालभडक झाले होते, पण त्यांतून पू किंवा चिपडे मुळीच येत नव्हती. अंगदुखी असह्य म्हणून वेदनाशामक सुई मारण्यात आली, तापही थोडा उतरला, आणि घरच्यांना हायसे वाटले. नंतर डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागला. त्या साऱ्या अवधीत घरातील प्रत्येकाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मात्र मला लघवी किती होते, याची विचारपूस माझ्या आईवाचून कोणी केली नाही. सकाळपासून पोरगा एकदाही मोरीकडे गेलेला नाही, हे तिने बोलून दाखविले, आणि त्या एका वाक्यावर माझा पुतण्या मला गाडीत घालून मुंबईस घेऊन गेला. तेथे लेप्टोस्पायरोसिसचे निदान झाले, आणि दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ बंद पडल्याचेही कळले.

या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडातील नलिकांत बिऱ्हाड करून राहतात. त्या यजमानास त्यांचा फारसा उपद्रव नसतो. उंदराच्या, तसेच गुराढोरांच्या व कुत्र्यांच्याही मूत्रावाटे ते पाण्यात उतरतात आणि ओरखड्यांतून, भिजून नरम पडलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-तोंडाच्या अंतस्त्वचेतून माणसाच्या रक्तात शिरतात. १९१५ च्या सुमारास जपानातील इनादा आणि इदो या संशोधकांनी कोळशाच्या खाणींतील मजुरांच्या आजारात हा जंतू शोधून काढला. ओल्या जमिनीत राबणाऱ्यांचाच हा रोग, मग ती जमीन खाणीतली असो वा आमच्या खलाटीतली.

मूत्रपिंडे काय करतात, हे मला इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावरून उमगले. परिचारिका त्यात पोटात गेलेले पाणी एका रकान्यात आणि बाहेर आलेली लघवी दुसऱ्या रकान्यात मिलिलिटरमध्ये लिहीत असे. जमाखर्चाच्या वहीत आयुष्य घालविलेल्या माणसाला तो हिशेब तत्काळ कळला. हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. प्रत्येकात दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि नलिका त्यातला बहुतेक सर्व परत शोषून घेऊन अवघा दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर टाकतात. शिवाय रक्तातील पोटॅशियम काबूत ठेवणे, रक्तदाबाचे नियमन करणे आणि तांबड्या पेशी घडविण्याचा हुकूम अस्थिमज्जेला देणे, हीही कामे त्यांचीच. लेप्टोत त्या नलिका सुजतात व त्यांचे अस्तर झडते. मात्र ते अस्तर पुन्हा उगवू शकते. त्यामुळे तोवर डायलिसिसच्या यंत्राने रक्त शुद्ध केले आणि जंतूवर पेनिसिलिनसारखे औषध वेळेवर मिळाले, तर बहुतेक रुग्णांची मूत्रपिंडे पूर्ववत चालू लागतात. माझीही लागली.

म्हणून माझे सांगणे असे की, पुरानंतर घरात कोणाला ताप आला तर तापमापकाशेजारी एक मापाची बाटली ठेवा आणि चोवीस तासांची लघवी मोजा. मोठ्या माणसाला दिवसभरात अर्ध्या लिटरहून कमी झाली, किंवा ती काळ्या चहासारखी गडद झाली, तर उद्याची वाट न पाहता इस्पितळ गाठा. याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावी: लेप्टोत कित्येकदा लघवी भरपूर होत असतानाही मूत्रपिंडे बिघडलेली असतात, तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकावयाचा टाकाऊ पदार्थ) आणि पोटॅशियम तपासून घेण्याचा आग्रह तुम्ही स्वतः धरावा, आणि आपण चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके आधीच शिणलेल्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी तोडतात. तापात ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. चिखल उपसताना गमबूट घालावेत, जखमा झाकाव्यात. आणि पुराच्या दिवसांत आरोग्य केंद्राकडून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मिळतात, त्या सांगितलेल्या मात्रेत घ्याव्यात. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांस पुसावे. जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड आली आणि महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा मी दारोदार फिरून हेच सांगत होतो.

परंतु तापाने निदान दार तरी ठोठावले. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही दोन दुखणी कसलीही वर्दी न देता गाळण्या एकेक करून कायमच्या निकामी करतात, आणि त्या काही पुन्हा उगवत नाहीत. निम्मी शक्ती खर्ची पडेपर्यंत क्रिएटिनिनचा आकडाही पुष्कळदा निर्दोष दिसतो. ज्याला यांपैकी एक दुखणे आहे, त्याने दर वर्षी क्रिएटिनिनबरोबर लघवीतील प्रथिनेही तपासावीत, कारण गळती आधी तेथे दिसते. पाय सुजणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, अन्नावरची वासना उडणे ही चिन्हे फार उशिरा येतात. मूतखड्याची गोष्ट वेगळी; तो कळ देऊन आपण होऊन ओळख देतो, पण मार्ग अडवून बसला तर तोही मूत्रपिंड सुजवून नासवतो.

खर्चाच्या धास्तीने आमच्याकडची माणसे दुखणे अंगावर काढतात, हे मी कचेरीत अर्ज लिहून देताना वर्षानुवर्षे पाहिले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन प्रथम तेथे जावे, आणि रुग्णाची अवस्था तातडीची असेल तर आधी दाखल करून कागद मागाहून नेऊन द्यावेत.