नदीकाठची सायकलफेरी आणि पक्ष्यांची नोंदवही

नदीकाठच्या गावांना पक्ष्यांचे दर्शन नवे नाही. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबणारा कवड्या खंड्या, चिखलात चोच खुपसून फिरणारा शराटी आणि गुरांच्या मागे जाणारे गायबगळे गावातील लहान मुलेही ओळखतात. तथापि, मागील वर्षी याच पंधरवड्यात आपल्या डोहावर पांढऱ्या कपाळाचे काळे वारकरी पक्षी किती उतरले होते, असे विचारल्यास उत्तर मिळणे कठीण असते. पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय नसल्यामुळे नदीत होणारा बदल पुष्कळदा फार उशिरा ध्यानात येतो. एक सायकल, एक वही आणि काठालगतचा चार किलोमीटरचा रस्ता एवढ्या साधनांवर ही उणीव भरून काढता येते.

नांदूरमध्यमेश्वरचे उदाहरण

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर, विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधण्यात आला. हेतू सिंचनाचा होता. गोदावरीचे डावे व उजवे कालवे येथूनच निघतात. कालांतराने बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. उथळ पाणी, दलदल आणि लहान लहान बेटे निर्माण झाली आणि पर्जन्यछायेच्या या प्रदेशात पाणपक्ष्यांना हक्काचा आसरा मिळाला. १९८६ साली येथे अभयारण्य घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील समावेश जाहीर होऊन हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

हिवाळ्यात येथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे उत्तरेकडील पाहुणे येतात. चित्रबलाक आणि चमचा उथळ पाण्यात भक्ष्य शोधताना दिसतात. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या गावांची शेते या पाणथळीला लागून असल्याने गावरस्त्यांवरूनही पुष्कळ पक्षी पाहता येतात. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाने आखून दिलेल्या वाटांनीच जावे.

सायकल कशासाठी?

मोटारसायकलच्या आवाजाने पक्षी उडतात. पायी जाणाऱ्याला सकाळच्या मोजक्या वेळेत थोडेच अंतर गाठता येते. सायकल आवाज करीत नाही, हवी तेथे थांबते आणि शाळेत सायकलने येणाऱ्या मुलामुलींना तिच्यासाठी वेगळा खर्च पडत नाही. एकच पथ्य कसोशीने पाळावे : पक्षी पाहण्यासाठी सायकलवरून उतरावे. चालत्या सायकलवरून दुर्बीण वा नदीकडे नजर लावणे धोक्याचे आहे.

फेरीची पद्धत

चार किलोमीटरचा टप्पा निवडून दर पाचशे मीटरवर थांबा ठरवावा. दोन्ही टोके धरून नऊ थांबे होतात. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे उभे राहिल्यास पाऊण तास आणि सायकल चालविण्यास सुमारे अर्धा तास, अशी सव्वा तासाची फेरी होते. झाड, घाट, पूल अशा खुणांवरून थांबे वहीत लिहून ठेवावेत. म्हणजे शिक्षकांची बदली झाली तरी पुढच्या तुकडीला तेच थांबे सापडतील.

सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास उत्तम. या भागात गोदावरी साधारणपणे पूर्वेकडे वाहते. म्हणून सकाळी प्रवाहाच्या उलट दिशेने, पश्चिमेकडे, निघाल्यास सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. मोजणी केवळ जाताना करावी. परतीच्या वाटेवर तेच पक्षी पुन्हा मोजले जाण्याचा संभव असतो.

वहीत तारीख, वेळ, हवामान, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, एवढे रकाने पुरेत. नाव न कळल्यास आकार, चोच, पायांचा रंग व उडण्याची ढब लिहावी. अंदाजाने नाव घालू नये. दुर्बिणीवर ८×४० असे आकडे असल्यास आठपट मोठे दर्शन आणि चाळीस मिलिमीटर व्यासाचे पुढील भिंग, असा त्याचा अर्थ होतो. चार-पाच मुलांत अशी एक दुर्बीण पुरते. महिन्यातून दोन फेऱ्या केल्यास वर्षाच्या चोवीस नोंदी जमतात.

नोंदीचा अर्थ

नोंदीचा अर्थ लावताना घाई करू नये. पक्ष्यांची एकूण संख्या वाढली म्हणजे नदी सुधारली, असे नाही. शेकाट्या सांडपाण्याच्या डबक्यांतही मोठ्या संख्येने उतरतो, कारण तेथे त्याला किडे व अळ्या मिळतात. याउलट कवड्या खंड्या वरून मासा हेरून पाण्यात सूर मारतो. पाणी गढूळ झाले वा जलपर्णीने झाकले गेले की त्याची शिकार अवघड होते. म्हणून शेकाटे वाढत असून कवड्या खंड्या दिसेनासा झाल्याचे वर्षभराच्या नोंदींत आढळले, तर त्या टप्प्यात सांडपाणी कोठून मिसळते याची पाहणी करण्यास ते सबळ कारण ठरते. पाण्याची तपासणी वेगळी करावीच लागेल. ती कोठे करावी हे मात्र वही सुचविते.

काठ राखूनच वाट

नदीकाठाच्या सुशोभीकरणाची कामे हाती घेणाऱ्या ग्रामपंचायतींना या वहीचा विशेष उपयोग आहे. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून अंडी घालतात. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, तर नदी सुरय वाळूच्या बेटावर अंडी घालतो. सुगरण पाण्यावर झुकलेल्या बाभळीला घरटी टांगते. काठाला सरसकट दगडी अस्तर केले, बाभळी तोडल्या आणि दिव्यांची रांग उभारली, तर सायकलींसाठी वाट होईल. परंतु ज्यांना पाहण्यासाठी ती केली, ते पक्षी तेथे उरणार नाहीत. म्हणून वाट मुरुमाची असावी, पाण्यापासून काही अंतर राखून न्यावी, आणि दरडी व जुनी झाडे कामाच्या आराखड्यातच राखीव दाखवावीत. कोणती दरड, कोणते झाड, हे वर्षभराची वही नेमके सांगू शकते.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्यांचे काम आहे. शाळेच्या सायकलफेरीतील नोंदी समितीपुढे ठेवल्यास त्या नोंदवहीस ताजी माहिती मिळेल. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही अशा तुकडीला भाग घेता येईल. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात साजरा होणारा पक्षी सप्ताह पहिल्या फेरीसाठी सोयीचा मुहूर्त आहे. त्या सुमारास हिवाळी पाहुण्यांचे आगमनही सुरू झालेले असते.

कोरी वही आणून पहिल्या पानावर नऊ थांब्यांची नावे लिहिली की कामाला आरंभ झाला. काठाच्या कामाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी ही वही टेबलावर असावी, एवढी दक्षता शिक्षक व पंचायत सदस्यांनी मिळून घ्यावी.