पहिले घर घेताना वकील कसा निवडावा?
(जीवनोपयोगी पाठ : इयत्ता नववीपासून पुढील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासाठी)

नव्या सत्राच्या सुरुवातीला पत्ता बदलाचे अर्ज शाळेच्या कार्यालयात येतात. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर इथली भाड्याची किंवा वडिलोपार्जित जागा सोडून आमचे पालक बायपासकडे, राऊकडे, निपानियाकडे फ्लॅट घेतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. इंदूरच्या पुष्कळ मराठी कुटुंबांत स्वतःच्या नावाने घराची रजिस्ट्री करणारी ही पहिलीच पिढी असते. आजोबांच्या वेळी वाडा होता, त्याचे कागद ट्रंकेत होते आणि ते वाचण्याची वेळ कोणावर आली नव्हती. या पालकांशी बोलताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. स्वयंपाकघरातल्या टाइल्सचा रंग ठरवायला चार रविवार जातात. वकील मात्र पाच मिनिटांत ठरतो, आणि तोही बहुधा दलालाने किंवा बिल्डरने सुचवलेला. म्हणून हा पाठ.

प्रथम एक गैरसमज दूर करू. "रजिस्ट्री झाली म्हणजे घर आपले झाले" असे आपण सर्रास म्हणतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा दस्तऐवज नोंदवावाच लागतो, हे खरे. पण आपल्या देशात नोंदणी होते ती दस्तऐवजाची, मालकीची नव्हे. विकणाऱ्याला ते घर विकण्याचा पूर्ण अधिकार होता की नाही, याची हमी उपपंजीयक देत नाही. विकणाऱ्याचाच हक्क लंगडा असेल, तर तेवढाच लंगडा हक्क रीतसर शिक्का मारून आपल्याकडे येतो. ही तपासणी करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे आणि त्याच कामासाठी वकील लागतो. नुसता मसुदा टाइप करून घ्यायला नव्हे.

आता मुख्य प्रश्न : वकील कोणाचा? घर घेताना आपल्या आजूबाजूला कायद्याचे जाणकार बरेच दिसतात. बिल्डरचा वकील असतो, तो बिल्डरचे हित पाहतो. बँकेच्या पॅनेलवरचा वकील असतो. त्याच्या अहवालाचे पैसे आपल्याकडूनच घेतले जातात, पण अहवाल तो बँकेला देतो आणि बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही एवढेच पाहतो. "बँकेने कर्ज दिले, म्हणजे कागद ठीकच असणार" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा एक फलकच लिहून लावावा असे वाटते. घराच्या किमतीतला जो हिस्सा तुम्ही आपल्या बचतीतून घालता, त्याची काळजी बँकेने का करावी? तिसरा असतो सर्विस प्रोव्हायडर. आपल्या राज्यात 'संपदा' प्रणालीवर ई-पंजीयन होते (२०२४ साली तिची 'संपदा २.०' ही नवी आवृत्ती आली), त्यात माहिती भरणे, ई-स्टॅम्प काढणे, वेळ घेणे ही कामे तो करतो. उपयोगी माणूस आहे, पण मालकीची चौकशी हे त्याचे काम नव्हे. या तिघांखेरीज ज्याला तुम्ही स्वतः नेमले आहे, ज्याची फी तुम्ही देता आणि जो विकणाऱ्याचे काम करत नाही, असा एक वकील हवा. विकणाऱ्याचाच वकील "तुमचेही काम फुकटात करून देतो" म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणावे.

या वकिलाने काय काय पाहावे? सर्वांत आधी सर्च, म्हणजे मागील व्यवहारांचा शोध. नोंदणी कार्यालयातील स्थावर मालमत्तेच्या नोंदी व त्यांची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते. ही सोय कायद्यातच आहे. कोणी वकील बारा-तेरा वर्षे मागे जातात, कोणी तीस. आम्ही तीसचा आग्रह धरावा असे म्हणू, कारण १९६३ च्या मुदत कायद्यात खाजगी माणसाला मालमत्तेच्या ताब्यासाठी दावा करायला साधारणतः बारा वर्षे मिळतात, पण सरकारला तीस. जमीन नजूलची निघाली किंवा सरकारी पट्ट्याची, तर मधली वर्षे महत्त्वाची ठरतात. त्यानंतर जमिनीचा खसरा, शेतजमीन असल्यास डायव्हर्शन झाले की नाही, नगर व ग्राम निवेश विभागाने मंजूर केलेला नकाशा, बांधकामाची परवानगी, मालमत्ता कराच्या पावत्या, आणि घरावर कोणाचे कर्ज आहे का.

जुने घर किंवा वाड्यातला हिस्सा घेत असाल, तर वारसांची यादी हा सर्वांत नाजूक भाग आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. "बहिणी काही म्हणणार नाहीत, त्या पुण्याला सुखात आहेत" हे विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन उपयोगाचे नाही; बहिणींची सही हवी. अज्ञान मुलाच्या नावावरचे घर त्याचे पालक न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकू शकत नाहीत, हेही वकिलाने पाहायचे असते.

आपल्या शहरात आणखी एक प्रकार चालत आला आहे. कॉलनी अवैध असते, प्लॉटची किंमत कमी असते आणि व्यवहार नोटरीच्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर होतो. नोटरी सही खरी असल्याचे प्रमाणित करतो, मालकी देत नाही. मुखत्यारपत्र, मृत्युपत्र आणि विक्रीचा करार यांचा जुडगा करून स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. असा कागद दाखवल्यावर जो वकील "इकडे सगळे असेच चालते" म्हणेल, त्याला सोडून दुसरा शोधावा.

आता फीबद्दल. वकिलाला फीची जाहिरात करता येत नाही, म्हणून बाजारातल्यासारखी दराची पाटी कोठे मिळणार नाही, विचारावेच लागते. विचारताना "किती घ्याल?" एवढेच विचारले, तर उत्तरात नुसता आकडा येतो आणि आकड्यांची तुलना फसवी असते. नववीच्या मुलांनी वही काढावी.

समजा, फ्लॅटची किंमत ४० लाख रुपये आहे. पहिले वकील म्हणतात, किमतीच्या एक टक्का, सगळे त्यात आले : ४०,००० रुपये. दुसरे म्हणतात, तीस वर्षांच्या सर्चचा लेखी अहवाल १२,०००, करार व विक्रयपत्राचा मसुदा ६,०००, रजिस्ट्रीच्या दिवशी हजर राहणे ३,०००. नकलांचा खर्च व सर्विस प्रोव्हायडरचे पैसे वेगळे, अंदाजे ४,५००. एकूण २५,५००. तिसरे म्हणतात, फक्त ५,०००. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष फी माणसागणिक व कामागणिक बदलते.) तिसरे स्वस्त दिसतात, पण ते काय करणार? विचारल्यावर कळते, फक्त मसुदा. म्हणजे त्यांची तुलना २५,५०० शी नसून दुसऱ्यांच्या ६,००० शी करायची. पहिल्यांना विचारावे, "सगळे" यात लेखी सर्च अहवाल आहे का? नसेल तर चाळीस हजार कशाचे? आणखी एक गणित : घर ६० लाखांचे असते तर पहिल्यांची फी ६०,००० झाली असती, दुसऱ्यांची तेवढीच राहिली असती. कागद तेवढेच, मेहनत तेवढीच. मग फी दीडपट का? टक्केवारीवर काम करणारे सगळेच वाईट असे आमचे म्हणणे नाही, पण हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि दुसऱ्या वकिलांचे २५,५०० रुपये म्हणजे ४० लाखांच्या शंभर रुपयांमागे सुमारे ६४ पैसे. शहरातल्या घरावर स्टॅम्प ड्यूटी व पंजीयन शुल्क मिळून दहा टक्क्यांच्या वर जाते, ते आपण निमूट भरतो. चौसष्ट पैशांवर मात्र घासाघीस करतो.

सरकारी खर्च आणि वकिलाची फी एकाच आकड्यात कधी मिसळू देऊ नये. "रजिस्ट्रीचे सगळे मिळून इतके" असे कोणी सांगितले, तर दोन रकाने करून मागावे : सरकारजमा किती, तुमचे किती. सरकारजमा रकमेची पावती निघते आणि ती कोणाकडूनही काम करून घेतले तरी बदलत नाही. ती प्रत्यक्ष किंमत किंवा कलेक्टर गाइडलाइनची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर काढतात. घर स्त्रीच्या नावावर घेतले तर आपल्या राज्यात पंजीयन शुल्कात सवलत आहे, हे वकिलाने आपणहून सांगायला हवे.

आमचे काही माजी विद्यार्थी इंग्लंडमध्ये आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे घरखरेदीचे काम सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर करतात. मालकीची नोंद सरकारी लँड रजिस्ट्रीत हमीसह असते. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटरांच्या ज्या फर्म्स हे काम करतात, त्यांना आपले दर आधी जाहीर करावे लागतात, आणि त्यात स्वतःची फी व इतरांना द्यायचा खर्च वेगळा दाखवावा लागतो. आपल्याकडे असा नियम नाही, पण दोन रकान्यांची मागणी करायला नियम कशाला हवा?

ही मागणी करताना मराठी माणूस संकोचतो. वकील ओळखीचे असतात, काकांचे मित्र असतात, गणेशोत्सवात भेटतात. त्यांना पैशाचे कसे विचारायचे? भीड भिकेची बहीण, असे आपल्या आज्या सांगत. ओळखीचे वकील जरूर नेमावेत, पण कोणती कामे करणार, किती दिवसांत, किती रुपयांत, हे एका कागदावर लिहून घ्यावे. चांगल्या वकिलाला याचा राग येत नाही. सनद आहे का आणि ते दिवाणी व मालमत्तेचे काम नियमित करतात का, हे विचारण्यातही गैर नाही. फौजदारीत नाव कमावलेले वकील खसरा वाचण्यात तरबेज असतीलच असे नाही.

वकील नेमायचा तो बयाना देण्यापूर्वी. मराठीत आपण त्याला इसार म्हणतो. बयान्याचे पैसे गेल्यावर दोष सापडला, तर ते परत मिळवण्याचे वेगळेच भांडण सुरू होते. नव्या प्रकल्पात रेराच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. बयान्यासाठी वीस हजार वा अधिक रुपये रोख देऊ-घेऊ नयेत. घर पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीचे असेल, तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून सरकारात भरायचा असतो. वकिलाच्या यादीत हे आहे का, ते पाहावे.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास : आपल्याकडचे दस्तऐवज हिंदीत असतात आणि त्यांतले शब्द रोजच्या बोलण्यातले नसतात. आईवडिलांच्या परवानगीने घराचा कागद त्यांच्यासमोरच उघडून क्रेता, विक्रेता, प्रतिफल, चतुर्सीमा, भारमुक्त आणि नामांतरण हे सहा शब्द शोधावेत व प्रत्येकाचा अर्थ मराठीत एका वाक्यात लिहावा. घर भाड्याचे असेल तर भाडेकराराचा कागद पाहावा आणि त्यातले असेच सहा अनोळखी शब्द निवडावेत. कागद किंवा त्याची झेरॉक्स शाळेत आणू नये; फक्त वही आणावी. नामांतरण, म्हणजे रजिस्ट्रीनंतर महानगरपालिकेच्या दप्तरी नाव चढवणे, याबद्दल पुढच्या अंकात लिहू.